डब्यावरचं काळं फडकं

ताईच्या घरातल्या इंटरनेटच्या डब्यावरचा दिवा तांबडा झाला, की जिन्यात गर्दी होई. वरच्या मजल्यावरची शिंपीण गळ्यातली टेप न काढता धावत येई. बँकेतून निवृत्त झालेले मॅनेजरसाहेब चष्मा पुसत दारात उभे राहत. आणि ताई फोन लावी, कंपनीला नव्हे, सिग्नलबाबाला. कंपनी 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' असं सांगून गाणं ऐकवत बसते. बाबा पहिल्या रिंगला उचलतो.

"शहराच्या पार दुसऱ्या टोकाला होतो, ताई," आत येत तो म्हणे. "इथला दिवा तांबडा झाला, तिथं माझा उजवा कान तापला. म्हटलं, निघावं."

दुसऱ्या टोकाहून हा माणूस, दोन जिने चढायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात येई. मॅनेजरसाहेबांनी जन्मभर लोकांच्या सह्या पडताळल्या होत्या, पण यात त्यांना काही खटकलं नाही.

मग बाबा खांद्यावरचं काळं फडकं डब्यावर पसरी, दोन्ही हात आत घाली आणि डोळे मिटून दटावणी सुरू करी. "पाच गिगाच्या लहरी, गप बस. दोन गिगाच्या, तू पुढे ये. कोण अडवतंय? आधीच्या भाडेकरूंची भुतं? चला, निघा!" फडकं उचललं की दिवा हिरवा. जिन्यात टाळ्या. ताई दक्षिणा पुढे करी. शिंपीण डोळे टिपी.

टाळी न वाजवणारा एकच माणूस होता, भावोजी. अर्धांगाच्या झटक्यानं त्यांचा उजवा हात आणि बोलणं दोन्ही गेलं होतं. दिवसभर खिडकीशी खुर्चीत बसून असत. बाबा आला, की डाव्या हातानं खुर्ची बडवत, खिडकीकडे बोट दाखवत आणि घशातून नुसताच आवाज काढत.

"बघा," बाबा म्हणे, "लहरी बाहेर पडताना त्यांना दिसतात. तुम्हा-आम्हाला नाही दिसायच्या."

ताई लगबगीनं खिडकी लावून घेई. भावोजी आणखी जोरात खुर्ची बडवत.

हे सगळं घडायचं ते भावोजींच्या शिकवणीच्या वेळी. बोलणं परत शिकवणाऱ्या एक बाई दूरच्या शहरातून व्हिडिओवर शिकवत. त्यांच्यामुळे भावोजी 'पाणी'मधल्या 'पा'पर्यंत आले होते. तेवढ्यात हा तांबडा दिवा मागे लागला आणि गाडी 'पा'वरच अडली. शेवटी ताईचा मला फोन आला.

"अरे, बाबा म्हणतात, शिकवणीच भोवतेय. ह्यांची वाचा त्या डब्यात अडकलीय. शिकवणी बंद करा, मी बोलतं करतो म्हणतात. बाईंना नको म्हणून कळवू का?"

"कळवू नकोस. मी येतोय," म्हटलं.

मी गेलो त्या दुपारी भावोजींची पाठ दुखत होती, म्हणून शिकवणी पलंगावरच मांडली. खिडकीजवळची खुर्ची रिकामी होती. मी तिच्यात बसलो आणि भावोजींना रोज दिसायचं ते मला दिसलं.

समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर सिग्नलबाबा बसला होता. त्यानं मोबाइल काढला, अंगठा दाबला.

"गेलं!" मागून ताई ओरडली. तिनं फोन लावला. खाली पायरीवर रिंग वाजली. बाबानं फोन उचलला, फडकं झटकून खांद्यावर टाकलं आणि रस्ता ओलांडला.

"शहराच्या पार दुसऱ्या टोकाला—"

मी त्याला बोलू दिलं. हात फडक्याखाली गेले, तसं फडकं ओढलं. हातात मोबाइल होता आणि त्यावर डब्याची सेटिंग उघडी होती. इंटरनेट तुटलं तरी डब्याचं वायफाय चालूच राहतं आणि समोरच्या पायरीपर्यंत पोचतं. तिथून बंद करायचं, इथं फडक्याखाली चालू करायचं. त्यासाठी लागणारा पासवर्ड डब्याच्या पोटावर कंपनीनंच चिकटवलेला. बाबानं तो पहिल्या भेटीत 'शुद्धी' करताना वाचला होता.

"श्रद्धा नसेल तिथं लहरी टिकत नाहीत," असं म्हणून बाबा निघून गेला. फडकं माझ्याच हातात राहिलं.

मी जिन्यात जमलेल्या सर्वांदेखत इंटरनेट चालू केलं आणि पासवर्ड बदलला. दिवा हिरवा झाला. कुणी टाळी वाजवली नाही.

"पण आता बंद पडलं तर कोण येणार?" शिंपिणीनं विचारलं. "तुम्ही येणार का?"

"मी परगावी राहतो."

"तो येत तरी होता," मॅनेजरसाहेब म्हणाले आणि जिना उतरू लागले.

ताईनं बाईंना फोन लावला. बाई प्रेमानं बोलल्या. म्हणाल्या, "सारखा फोन तुटायचा, मला वाटलं तुमचा विचार बदलला. तुमची वेळ दुसऱ्या पेशंटला दिली हो. नाव रांगेत घालते. तोवर घरी सराव करा. पण सुरुवातीचे महिने मोलाचे असतात, ते गेले."

मी पलंगाशी गेलो. "भावोजी, तुम्ही हेच दाखवत होता ना?"

त्यांनी हातही उचलला नाही. भिंतीकडे तोंड फिरवलं.

म्हणून सरळ सांगतो. आज घरी गेल्यावर तो डबा उलटा करा आणि त्याच्या सेटिंगचा पासवर्ड बदला. वायफायचाही बदला, आणि नवे पासवर्ड येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू नका. बंद पडला तर स्विच बंद करा, जरा थांबा, परत चालू करा. याला फडकं लागत नाही. आणि घरातलं बोलता न येणारं माणूस खिडकीकडे बोट दाखवत असेल, तर खिडकी लावून घेऊ नका. आधी बाहेर बघा.