मालकीण फाइल वापरत आहेत

मास्तरांचं शिवणाचं दुकान खाली आणि घर वर. मधे लाकडी जिना. मास्तर खाली गिऱ्हाइकाच्या छातीला टेप लावायचे आणि मान वर करून ओरडायचे, "छाती, अडतीस!" वरच्या खोलीत संगणकासमोर बसलेली त्यांची बायको ते टाइप करायची आणि वरूनच म्हणायची, "ऐकलं!" तो शब्द आल्याशिवाय मास्तर टेप काढत नसत. गिऱ्हाईक बिचारं तोवर हात पसरून उभं. कोणी हसलं तर मास्तर म्हणायचे, "मी नुसता कारागीर. मालकीण वर आहे."

तिनं ते मनावर घेतलं होतं. संगणक पहिल्यांदा चालू केला तेव्हा त्यानं नाव विचारलं, आणि तिनं बेधडक टाकलं: मालकीण. मापांचा प्रोग्राम तिच्या धाकट्या भावानं खास तिच्यासाठी करून दिला होता. प्रत्येक गिऱ्हाइकाची मापं, आणि खाली शेऱ्यासाठी एक चौकोन. त्या चौकोनात ती मनातलं लिहायची. 'डावा खांदा उतरता. सांगू नये, वाईट वाटतं.' 'खिसे खोल ठेवणे, माणूस विसराळू.' एका ठिकाणी तर, 'माप घेताना हे फार गप्पा मारत होते. पुन्हा घ्यायला लावणे.'

ती गेली, आणि मास्तरांजवळ तिचं बोलणं असं उरलं ते या चौकोनांत. ती फोटोत नीट येत नसे, आणि पत्र लिहायची तर कधी वेळच आली नाही. एकाच घरात राहणारी माणसं एकमेकांना पत्रं कशाला लिहितील? त्यामुळे दुपारी गिऱ्हाईक नसलं की मास्तर वर जाऊन चार शेरे वाचून यायचे. गुडघे कुरकुरायचे, पण जायचे.

मुलगी शाळेत शिकवायची. आई गेल्यावर ती सामानसुमान घेऊन वडिलांकडेच राहायला आली. तिनं हे चढणं-उतरणं पाहिलं आणि एक दिवस दुकानात दुसरा संगणक आणून बसवला. सोबत एक छोटी काळी पेटी.

"बाबा, हा सामायिक ड्राइव्ह. आईची फाइल यात ठेवलीय. आता वरूनही दिसेल आणि खालूनही. तुम्ही इथंच मापं टाकायची. ओरडायला नको."

"दोन्हीकडून एकच?"

"एकच."

मास्तरांना बरं वाटलं. शेरे आता हाताशी आले.

दुसऱ्या दिवशी मुलगी शाळेत गेल्यावर त्यांनी दुकान उघडलं, संगणक लावला, प्रोग्रामवर टिचकी मारली. पडद्यावर एक चौकट आली.

'ही फाइल सध्या मालकीण वापरत आहेत.'

खाली दोन बटणं होती. 'तरीही उघडा' आणि 'राहू द्या'.

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. चौकट तशीच. ते जिना चढून वर गेले. खोलीत कोणी नव्हतं. खुर्ची आत सरकवलेली, संगणकाचा पडदा काळा. ते थोडा वेळ दारात उभे राहिले. मग खाली येऊन त्यांनी 'तरीही उघडा' दाबलं, अगदी हळू, कोणाच्या खोलीत न विचारता शिरावं तसं.

रोज सकाळी तेच. मुलीला विचारावं असं त्यांना वाटे, पण काय विचारणार? तुझी आई फाइल वापरते का? पोरगी आधीच त्यांच्याकडे काळजीनं बघायची, आणि तिचंही काही चुकत नव्हतं. हल्ली ते चष्मा फ्रिजमध्ये ठेवत, आणि दोन कप चहा करून दोन्ही स्वतःच पीत. त्यात ही भर नको. शिवाय खरं सांगायचं तर, ती चौकट यावी असं त्यांना वाटू लागलं होतं. सकाळी शटर वर केलं की आधी तिच्याकडेच धाव.

मग मापांचा घोळ सुरू झाला. दंतवैद्य कोट शिवायला आले. मास्तरांनी छाती घेतली, बेचाळीस भरली. तिनं पूर्वी अडतीस लिहिली होती. शेरा होता, 'श्वास रोखून उभे राहतात.' मास्तरांनी अडतीस पुसून बेचाळीस टाकले. दुसऱ्या दिवशी बघतात तर अडतीस! त्यांनी पुन्हा बेचाळीस केले. पुन्हा सकाळी अडतीस.

मास्तर डोकं धरून बसले. आपण लिहिलं की नुसतं लिहायचं ठरवलं? आपल्या आकड्यावर तिचा कधीच भरवसा नव्हता, हे खरं. तिनं 'पुन्हा घ्या' म्हटलं की टेप पुन्हा लावावी लागे, आणि दहातल्या नऊ वेळा बरोबर तीच निघे. शेवटी त्यांनी पडद्याकडे बघून म्हटलं, "बरं बाई, तुझं खरं." आणि अडतीसवर कापड कापलं.

काज-बटणं करणारी मावशी त्यांच्याकडे कित्येक वर्षं होती, तिची जीभ सुईपेक्षा टोकदार. तिनं कोट हातात घेऊन उलटसुलट केला.

"मास्तर, हा दंतवैद्यांचा की त्यांच्या पोराचा?"

"त्यांचाच."

"मग काजं कशाला करू? बटण तिथवर पोचणारच नाही."

दंतवैद्यांनी घालून बघितला. मावशीचं खरं निघालं. "मास्तर, श्वास घेऊ की कोट घालू, एक काय ते सांगा," ते म्हणाले. भला माणूस, हसत म्हणाले. मास्तरांना हसू आलं नाही.

एका सुटीच्या दिवशी मुलगी वर काही नोंदी करत होती, आणि खाली मास्तर शेरे वाचत बसले होते. जेवायला दोघांनी एकदमच काम बंद केलं. जेवून आल्यावर मास्तरांनी टिचकी मारली. मालकिणीची चौकट आली नाही. दुसरीच आली: 'फाइल वाचता येत नाही.'

त्यांनी पुन्हा मारली. पुन्हा तेच. वरून मुलीचा आवाज आला, "बाबा, तुमच्याकडे उघडतेय का?"

मास्तर कापायच्या टेबलाला धरून उभे राहिले. पोरगी धावत खाली आली.

"मापं परत घेता येतील, बाबा."

"मापांचं कोणाला पडलंय?" मास्तर म्हणाले. "ती त्यात बोलायची."

संध्याकाळी मेहुणा आला. त्यानं काळी पेटी बघितली आणि कपाळावर हात मारला.

"भावजी, हे कोणी केलं?"

"मी केलं, मामा," मुलगी म्हणाली.

"अगं, मी ते ताईसाठी बनवलं होतं. एका माणसासाठी. उघडताना अख्खी फाइल आपल्याकडे घ्यायची, बंद करताना अख्खी परत ठेवायची. तू सकाळी उघडून शाळेत जातेस ना? बंद न करता?"

"आज कोणते कपडे द्यायचे ते बघते आणि पळते. संध्याकाळी आले की बंद करते."

"म्हणजे भावजींनी दिवसभर जे लिहिलं, त्यावर तुझी सकाळची फाइल जाऊन बसायची. आणि आज दोघांनी एकदमच ठेवायला घेतली. एका तुकड्यावर दोघांनी दोन्हीकडून कात्री चालवली."

मास्तर ऐकत होते. बरंचसं डोक्यावरून गेलं. एक गोष्ट मात्र आत जाऊन बसली.

"म्हणजे रोज सकाळी ती... ते मालकीण म्हणून यायचं, ते..."

मेहुण्यानं भाचीकडे बघितलं. मुलगी हळूच म्हणाली, "मी होते, बाबा. आईच्या संगणकावर आईचंच नाव आहे. मला ते बदलवेना."

मेहुणा वर गेला. बराच वेळ खुडबुड करून त्यानं हाक मारली. मुलीनं फाइल पेटीत ठेवली होती खरी, पण मूळची प्रतही तिच्या आईच्या संगणकावर तशीच राहिली होती. ती उघडली. ताईचं सगळं होतं, शेवटच्या शेऱ्यापर्यंत. गेलं होतं ते नंतरचं, या दोघांनी लिहिलेलं.

मास्तरांनी वर जाऊन एकेक शेरा डोळ्यांखालून घातला. मग विचारलं, "आता ती चौकट यायची नाही?"

"नाही, भावजी. आता इथंच, एकाच ठिकाणी. एकच जण उघडणार."

"बरं झालं," मास्तर म्हणाले. बरं झालं की नाही, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

पुढच्या सुटीला दंतवैद्य नव्या कोटासाठी आले. मुलगी वरच्या खुर्चीत बसली. मास्तरांनी टेप लावली, दोनदा बघितली आणि मान वर करून ओरडले, "छाती, बेचाळीस!"

वरून काही आलं नाही.

दंतवैद्य हात पसरून उभे. थोड्या वेळानं ते दबक्या आवाजात म्हणाले, "मास्तर, श्वास सोडू?"

"थांबा," मास्तर जिन्याकडे बघत म्हणाले. टेप त्यांनी घट्ट धरली होती. "वरून अजून 'ऐकलं' आलेलं नाही."