भुईवर घेतलेला माणूस

आता जातो म्हणून इस्तारीला खाटेवरून भुईवर घेतले त्याला एक रात्र उलटली होती आणि तो अजून जिवंत होता. भांडण लागले ते त्यावरूनच.

"उचला त्याईले, खाटेवर घ्या," त्याची बायको गोकुळा म्हणाली. "रामाजी, तू डोक्याकडून धर."

रामाजी हा इस्तारीच्या थोरल्या भावाचा मुलगा. इस्तारीला मुलगा नव्हता, त्यामुळे अशा प्रसंगी त्या घरात रामाजीचाच शब्द चाले. तो शेकोटीपाशी बसला होता आणि तिथून हलण्याचा त्याचा विचार नव्हता.

"काकी, येडी झाली का वं? भुईवर घेतलेला मानूस कोनी वापस खाटेवर घेते का? ज्या घरानं उचलला, त्या घरातला दुसरा जाते. तुले मालूम नाई का?"

"मंग मी जातो," गोकुळा म्हणाली.

"तोंडानं बोलाले काय लागते! प्रेमिला आली हाय लेकरू घेऊन. तिच्यावर आलं तं?"

निरोप मिळताच मुलगी प्रेमिला आदल्या संध्याकाळी कुरखेड्याहून शेवटच्या गाडीने आली होती. तिने अंगावरचे लेकरू पदराखाली अधिक जवळ ओढले. आईला तेवढे उत्तर पुरे झाले.

पौष महिना चालला होता. धानाची मळणी आटोपली होती आणि तलावावरचे धुके दिवस बराच वर चढल्याशिवाय हलत नव्हते. मरणाऱ्या माणसासाठी भुई सारवून घ्यावी लागते, म्हणून काल दुपारी शेणाचा सडा घालून सारवले होते. सारवण अजून पुरते वाळले नव्हते. त्यावर मूठभर धानाचे तणस, तणसावर गोधडी आणि गोधडीवर इस्तारी. गोकुळा रात्रभर त्याच्या शेजारी पडून होती. भुईवर जीव लवकर सुटतो असे गाव म्हणत होते. जमिनीत जाते ती अंगातली ऊब, एवढे मात्र तिला स्वतःच्या कमरेवरून कळले होते. शिवाय तिने त्याचे पाय चाचपून पाहिले होते. मरणाऱ्याचे पाय आधी गार पडतात. इस्तारीचे पाय ऊन होते. गार पडली होती ती पाठ.

दोन वर्षांपूर्वी लकवा आला आणि इस्तारीची उजवी बाजू गेली. जाळे खांद्यावर टाकून तलाव पोहत ओलांडणारा ढीवर खाटेवर कूस बदलायलाही बायकोच्या हाताची वाट पाहू लागला. पाठीला जखमा झाल्या. त्या ती कडुनिंबाच्या पाण्याने धूत असे; एक भरली की दुसरी फुटे.

गेल्या दिवाळीनंतर त्याचा धाकटा भाऊ लटारू गेला. कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून त्याने जाळे फेकले आणि जाळ्यामागे तोही आडवा झाला. लोक पोहोचले तेव्हा सगळे आटोपले होते. "सोन्यासारखं मरन आलं, बाप्पा," असे जो तो म्हणाला. भेटायला येणारे हे इस्तारीच्या उशाशी बसूनच म्हणत आणि मग त्याच्याकडे पाहून सुस्कारा सोडत. लकव्याने इस्तारीची जीभ जड केली होती, कान शाबूत होते.

काल दुपारी गोकुळा पाण्याला गेली असताना रामाजी डोकावला. काका डोळे मिटून, तोंड वासून पडलेला; हाकेला ओ नाही, हलवले तर मान एका बाजूला कलंडली. रामाजीने चार माणसे बोलावली. गोकुळा घागर घेऊन परतली तेव्हा इस्तारी भुईवर होता आणि बायका रडू लागल्या होत्या.

भांडण तसेच टाकून ती उठली आणि शेजारच्या घरी गेली. लटारूची बायको शकुबाई अंगणात मासोळी वाळत घालत होती.

"चाल वं, एक हात लाव. मले एकटीनं नाई उचलत."

शकुबाई दचकली; भासऱ्याला, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाला, बाईने शिवायचे नसते. "मी? भासऱ्याले हात लावू? बाई, गाव तोंडात शेन घालंल माह्या."

"गाव उचलाले येत नाई. तुले हात हायत."

"खरं सांगू? मोठेभाऊ सुटले तं तुमीबी सुटसाल. तुमच्या कमरेचं पाहा, काय झालं उचलून उचलून."

"लटारू सुटला ना? मंग तू सुटली का?"

शकुबाईने हातातली मासोळी खाली ठेवली.

"त्या दिसी जारं फाटलं होतं," ती म्हणाली. "मले मनले, धाग्याले हात लाव. मी मनलं, टाइम नाई मले. तसंच फाटकं घेऊन गेले. सोन्याचं मरन मनते लोक! ज्याले आलं त्याले असंल सोन्याचं, बाई." तिने लुगड्याला हात पुसले. "चाला."

दोघी दारात आल्या तसा रामाजी उठून आडवा झाला. "मोठी काकी येडी, आता लहानीबी येडी झाली! भासरा हाय तो तुहा!"

तेव्हा प्रेमिला उठली. तिने लेकरू रामाजीच्या हातात दिले. लेकरू किंचाळू लागले आणि दोन्ही हात अडकलेला रामाजी त्याला सांभाळत बाजूला सरकला. शकुबाईने भासऱ्याला हात लावला नाही. तिने गोधडीची दोन टोके धरली. उरलेली दोन मायलेकींनी धरली. "उचल वं, उचल!" करीत तिघींनी त्याला गोधडीसकट खाटेवर ठेवले.

"आता मले बोलावजो नोको," लेकरू परत देताना रामाजी म्हणाला. "खांद्यालेबी नाई." आणि तो गेला.

सगळी पांगल्यावर गोकुळाने पेज ऊन केली आणि वाटी घेऊन खाटेशी बसली. इस्तारीने डोळे उघडले. ते चांगले स्वच्छ होते.

"काऊन उचललं?" जड जिभेने त्याने विचारले.

"भुई थंडी होती जी."

"थंडीच... पायजे होती." तो श्वासासाठी थांबला. "तू पान्याले गेली. तवा मीनंच... डोरे मिटले. मान सोडली. रामाजी येनार... मालूम होतं. आनखी एक रात... झालं असतं."

दोन वर्षांत तो एवढे कधी बोलला नव्हता. रामाजी, प्रेमिला, शकुबाई, ती स्वतः, सगळे काल जे रडले, आज जे भांडले, ते त्याने मिटल्या डोळ्यांनी ऐकले होते.

"असं करसाल," ती हळू म्हणाली, "तं खरंच मरून राह्यले त्या दिसी मले कसं समजंल जी?"

तिने चमचा त्याच्या ओठांशी नेला. त्याने ओठ घट्ट मिटून घेतले आणि नजर आढ्याला लावली. ती हात मागे घेईना. पेजेची वाफ त्याच्या नाकाशी जात राहिली. कालपासून त्याच्या पोटात काही नव्हते आणि निश्चय कितीही पक्का असला तरी तोंडाला पाणी सुटायचे थांबत नाही. त्याचा कंठ एकदा वरखाली झाला. मग ओठ सुटले.

पहिला चमचा गेला, दुसरा गेला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहून कानात जात होते. गोकुळा ते पदराने टिपीत होती आणि तो पुढच्या चमच्यासाठी तोंड उघडत होता.