काठी उतरवून घेतलेलं माप

मी पूल बोलतोय. बोईसरहून किनाऱ्याकडे येताना खाडीवर एक दणका बसतो आणि रिक्षावाला शिवी हासडतो, तो मीच.

माझ्याआधी इथे होडीने पलीकडे जावं लागे. हंसा मासळीची पाटी घेऊन होडीची वाट बघत बसायची आणि बाजार गाठेपर्यंत मासळी मऊ पडायची. शेवटी तिनेच गावातल्या बायका गोळा केल्या, कचेऱ्यांचे उंबरे झिजवले आणि मला मंजूर करून आणलं.

साहेब मापं घ्यायला आले ते ऐन आषाढात. बोटी किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारलेल्या, शिडाच्या उंच काठ्या उतरवून पडवीत ठेवलेल्या. खाडीतून जाणारी सगळ्यात मोठी बोट कुठली, असं साहेबांनी विचारलं. हंसाचा नवरा दामू छाती काढून पुढे झाला.

"आमची हाय. घ्या माप."

साहेबांनी टेप लावला. काठीची आठवण ना दामूला झाली, ना गावात कुणाला. पावसाळ्यात बोट अशीच दिसायची, त्यात काही कमी आहे असं कुणाला वाटलंच नाही. साहेबांनीही विचारलं नाही.

त्या मापाने मी जन्मलो. ठेंगणा. पहिला नारळ हंसानेच फोडला.

ओहोटीला बोटी खालून जात, भरतीला बाहेर थांबत. लोक कुरकुरले आणि मग सवय करून घेतली. माणसांचा हा गुण मला मुळीच आवडत नाही.

मग एका दिवाळीच्या तोंडावर वादळ उठलं. दामूने बोट आसऱ्याला खाडीत वळवली, त्याचा बाप वळवायचा तशीच. भरती पूर्ण चढलेली. काठी माझ्या पोटाला अडली, बोट आडवी झाली आणि माझ्या खांबावर आपटून फुटली. दामूला ओढून काढलं. बोट गेली.

आता तो एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन आहे. रिक्षातून माझ्यावरून जाताना खाडीकडे पाठ करून बसतो. हंसा ट्रकमधून आलेली बर्फातली मासळी विकत घेते. बाजारात वेळेवर पोचते. पाटीत घरची मासळी तेवढी नसते.

परवा माझ्याशेजारच्या नव्या पुलासाठी माणसं टेप घेऊन आली. पुन्हा आषाढच, बोटी पुन्हा शाकारलेल्या, आणि टेप पुन्हा तशाच बिनकाठीच्या बोटींना लावलेला. हंसाने पाटी खाली ठेवली.

"काठ्या उभ्या करा आदी, मंग माप घ्या."

"बाई, तुमची बोट कुठली?" एकाने विचारलं.

तिने माझ्या खांबाकडे हात केला. तिथे बोटीचा हिरवा रंग अजून आहे. त्यांनी वाकून पाहिलं, काही न समजून टेप गुंडाळला आणि गाडीत बसले.

बाबांनो, माझं राहू द्या, मी सिमेंटचा. तिचं तरी ऐकायचं होतं.