भिंतीखाली अडलेले मासे

अक्रोडाची सगळी पानं गळाली तरी ओढ्यात मासे आले नव्हते. त्या सकाळी शेजारचा दुझगुन दारात येऊन म्हणाला, "बेर्ताल, वाट बघू नकोस. ते खाली भिंतीशी अडलेत. डोळ्यांनी पाहून आलोय."

भिंत म्हणजे नवं धरण. मी चहाचा पेला खाली ठेवला.

तुर्कस्तानच्या डोंगरांत, आमच्या देरसिममध्ये, लाल ठिपक्यांच्या ट्राउटला पवित्र मानतात. थंडीच्या तोंडावर ते अंडी घालायला मुंझूर नदीतून आमच्या ओढ्यात चढतात. पहिला मासा दिसला की काठच्या दगडावर मेणबत्ती लावायची, लोणी लावून रोटी वाटायची. तेव्हापासून गळ बंद. मासे परत उतरले की गळ सुरू.

मेणबत्तीचा मान माझ्या बायकोच्या, येमोशच्या माहेरचा. ती उन्हाळ्यात गेली. जाण्याआधी खाटेवर बसूनच तिने यंदाची मेणबत्ती वळली. मेण आमच्याच मधमाश्यांचं. "साखरेच्या डब्यात ठेवते," म्हणाली. "चहा करताना तरी दिसेल तुला." ती मेणबत्ती तिच्या दगडावर लावायची, एवढंच तिचं काम माझ्याकडे राहिलं होतं.

मेणबत्ती खिशात घालून मी दुझगुनबरोबर खाली गेलो. भिंतीच्या कडेला माशांना चढायला पायऱ्या बांधल्या आहेत. त्या कोरड्या होत्या. खालच्या डबक्यात मासे दाटीवाटीने उभे होते. एखादा उसळायचा, सिमेंटवर आपटून परत पडायचा.

रखवालदार सेइदाली आमच्याच गावचा. मी म्हटलं, "पायऱ्यांत पाणी सोड की."

"बेर्तालकाका, माझ्या हातात फक्त शिट्टी. पाणी शहरातल्या साहेबांच्या हुकमाने सुटतं. आधी वीज, मग तुमचे मासे."

"तुमचे?" दुझगुन म्हणाला. "आणि लहानपणी येमोशकाकूच्या रोटीसाठी रांगेत घुसायचा, तो कोण होता?"

सेइदाली हळूच म्हणाला, "काल माणसं जाळी घेऊन आली होती. मी हाकलली. पण ती म्हणतात, मेणबत्ती कुठे लागलीय? गळ बंद कुठे झालाय?"

दुझगुनने काडेपेटी पुढे केली. "मासा दिसला की मेणबत्ती. दिसले ना? लाव."

"तिचा दगड वर आहे."

"दगड वर आहे, मासे इथे आहेत. येमोश असती तर आतापर्यंत दोघांना शिव्या घातल्या असत्या."

ते खरं होतं. मी भिंतीच्या कठड्यावर मेणबत्ती लावली. वाऱ्याला सेइदालीने टोपी आड धरली. मेणबत्ती पूर्ण जळेपर्यंत आम्ही तिघे उभे राहिलो. रोटी न्यायची राहिली होती. सेइदालीने आपल्या डब्यातली तोडून दिली.

गावात आता गळ बंद आहेत. डबक्याकडे जाळी घेऊन कोणी येत नाही. पायऱ्यांत पाणी अजून सुटलेलं नाही, आणि वरच्या दगडावर यंदा मेणबत्ती लागलेली नाही.