एफ ड्राइव्ह कोणाची

डॉक्टर बोलून ठेवतात, मी हेडफोन लावून ते ऐकते आणि पेशंटचे रिपोर्ट टाईप करते. घरबसल्या करायचं हे काम माझं मी मिळवलंय, म्हणून माझा त्यात जीव आहे. नियम एकच: या कॉम्प्युटरला पेनड्राइव्हसारखं काहीही जोडायचं नाही. आणि गेला आठवडाभर माझ्या स्क्रीनवर दुपारी 'एफ' नावाची ड्राइव्ह उगवत होती आणि संध्याकाळी मावळत होती. मी तर काहीच जोडलं नव्हतं.

आज सुपरवायझरचा फोन आला.

"तुमच्या कॉम्प्युटरला जोडलेली ती वस्तू काय आहे आणि कोणाची आहे, ते पाचच्या आत कळवा. घरातल्या माणसाची असेल तर ताकीद देऊन भागेल. बाहेरच्याची असेल तर मला तुमचं खातं बंद करावं लागेल."

"आणि मी ती काढूनच टाकली तर?"

"काय काढलंत, ते तरी सांगावं लागेलच ना? आणि ती उघडून बघू नका. तेही इथे दिसतं."

नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "कॉम्प्युटरवाल्याला बोलव, तो फॉरमॅट मारेल." रोग कळायच्या आत पेशंटच संपवायचा, हा त्याचा हरेक बाबतीतला उपाय. मी फोन ठेवला, केस वर बांधले आणि टेबलाखाली शिरले.

एकेक करून सगळं काढायचं ठरवलं. आधी हेडफोन काढले, मग रेकॉर्डिंग थांबवायचं पायाखालचं पेडल. एफ जागच्या जागी. मग माऊस, मग पंधरा दिवसांपूर्वी आणलेला बिनआवाजाचा की-बोर्ड. तरीही एफ ढिम्म. मला आता रागच यायला लागला. माझ्या घरात माझ्याच कॉम्प्युटरवर येऊन कोणी ठाण मांडून बसावं आणि मी त्याचं नावही सांगू शकू नये? टॉर्च घेऊन मागची बाजू पाहिली. धुळीने माखलेला एक प्लग तिथे होता. तो उपटला, ड्राइव्ह गेली. परत लावला, आली.

चोर सापडला होता, पण अर्धाच. त्या प्लगची काळी वायर टेबलामागून भिंतीच्या कडेने गेली होती आणि प्लायवूडच्या खाचेतून पलीकडे नाहीशी झाली होती.

हे प्लायवूड आमच्या घराची वाटणी. दोघा भावांचं भांडण सकाळी बाथरूममध्ये आधी कोणी जायचं यावरून सुरू झालं आणि हॉलच्या मधोमध पार्टिशन उभं करून थांबलं. तेव्हा प्रिंटर हॉलच्या त्या टोकाला असायचा, म्हणून त्याला लांब एक्स्टेन्शन वायर लावलेली होती. सुतार विचारत होता, "ही वायर कोणाची?" घरात सगळ्यांचे ओठ शिवलेले. शेवटी बिचाऱ्याने खाच पाडली आणि वायर तशीच राहू दिली. प्रिंटर आमच्या वाट्याला आला आणि बिघडला. वायरीचं तोंड तिकडेच राहिलं. पुढे दोन वर्षं दोन्हीकडची दारं वेगळी, आणि आम्ही जावाजावा जिन्यात भेटलो तरी खाली बघून जायचो.

पावणेपाच होत आले होते. मी वायर धरून ओढली.

पलीकडून कोणीतरी ती मागे ओढली.

मी जोर लावून पुन्हा ओढली. पुन्हा तिकडून हिसका. मी वाकून खाचेला तोंड लावलं आणि दोन वर्षांनी पहिलं वाक्य बोलले.

"ताई, वायर सोडा."

मग मोठ्या जाऊबाईंचा आवाज आला. "दार उघडंच आहे."

जिन्यावरून वळसा घालून मी त्यांच्या दारात गेले. त्या पार्टिशनपाशी जमिनीवर बसल्या होत्या. वायरीच्या टोकाला गाण्यांचा छोटासा प्लेयर होता आणि त्यावर लाल दिवा लागला होता. शेजारीच भिंतीवर त्याचा चार्जर रिकामा लटकत होता.

"चार्जर असताना हे इथे कशाला लावता?" माझा आवाज चढला. "माझं काम जाईल ना यापायी!"

त्यांचा चेहरा उतरला. "आधी तुझी टकटक ऐकू यायची गं. मग एकदम बंद झाली. मला वाटलं, काम सुटलं तुझं. विचारणार कोणत्या तोंडाने? मग कपाट सरकवताना ही वायर सापडली. तू कामाला बसलीस की हा दिवा लागतो, उठलीस की जातो. तेवढ्यासाठी लावत होते."

इतक्यात सुपरवायझरचा फोन आला, आणि मी तो स्पीकरवर टाकला.

"वस्तू सापडली," मी म्हणाले. "गाण्यांचा प्लेयर आहे. माझ्या जाऊबाईंचा."

"त्या तुमच्या घरातच राहतात?"

हो म्हणावं तर भिंत समोर होती. नाही म्हणावं तर काम जात होतं, आणि आता नुसतं कामच नाही. मी जाऊबाईंकडे पाहिलं. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"एकाच घरात राहतो," त्या म्हणाल्या. "मध्ये थोडं प्लायवूड आहे."

सुपरवायझर म्हणाले, "बरं. ताकीद देतो. पण उद्यापासून ती ड्राइव्ह दिसता कामा नये."

"त्या वायरीला दिवा लावला तर चालेल?" मी विचारलं.

"दिवा?"

"साधा. चिमुकला. त्यात काही साठत नाही."

"साठत नसेल तर लावा की."

तसला दिवा माझ्या खणात पडून होता. तो आणून जाऊबाईंच्या हातात ठेवला आणि वळसा घालून परत घरी आले. कॉम्प्युटर चालूच होता. स्क्रीनवर एफ नव्हती. खुर्ची पुढे ओढली, हेडफोन मात्र गळ्यातच ठेवले.

"लागला गं," खाचेतून आवाज आला.

"बसले मी," म्हटलं, आणि जुना टकटक करणारा की-बोर्ड माळ्यावरून काढायला उठले.