साखर उतरवणारं पाणी

धाकटीचा डोळा लागला, तो नेमका नको त्या वेळी. प्रयोगशाळेतल्या गरम पाण्याच्या टाकीचा काटा सत्तर अंशांवर ठेवायचा होता. जागी झाली तेव्हा तो नव्वदावर गेला होता आणि आतल्या नळ्यांमधलं पाणी फाटलेल्या दुधासारखं झालं होतं.

"गेलं मुसळ केरात!" शेजारच्या टेबलावरची जोडीदारीण म्हणाली. तिला सगळे तुरतुरी म्हणत. "घरी झोपायची सोय नाही का गं तुला?"

"घरी गेले तर झोपेन ना."

दूध फाटायचंच होतं. नळ्यांत होतं गरम झऱ्यातल्या जंतूचं एन्झाइम, साखर तोडणारं प्रथिन. तापवलं की त्याच्यासोबतची बाकीची प्रथिनं गोठून तळाशी बसतात, ते एकटं वरच्या नितळ पाण्यात तग धरतं. पण सत्तरावर. नव्वदाला ते जगतं का, कुणी पाहिलं होतं? आणि दुसरं शिल्लक नव्हतं. आज जमलं नाही तर काम बंद, असं साहेबांनी सांगून ठेवलेलं. ताईनं तेलाच्या गिरणीत तिच्यासाठी जागा बघितली होती. सकाळी जायचं, संध्याकाळी यायचं, जेवायचं, झोपायचं. खरं सांगायचं तर धाकटीला ते गोड वाटू लागलं होतं.

तरी तिनं वरचं पाणी अलगद काढलं, सोयाबीनच्या गरम अर्कात सोडलं आणि वाट पाहत बसली. सोयाबीनमधलं औषधी द्रव्य डोक्यावर साखरेचं गाठोडं घेऊन असतं. एन्झाइमनं ते गाठोडं उतरवल्याशिवाय औषध अंगी नीट लागत नाही. उतरलं का ते पाहायला पांढऱ्या पट्टीच्या तळाशी अर्काचा थेंब ठेवून पट्टी द्रावकात उभी करायची; ओल वर चढते, थेंबालाही ओढून नेते. गाठोडं घेतलेलं द्रव्य खालीच दमून बसतं, मोकळं झालेलं चढण चढून जातं.

ठिपके दिसावेत म्हणून तुरतुरीनं पट्टीवर जांभळा दिवा लावला. दोघींनी माना वाकवल्या.

ठिपका वर होता. खाली काहीच उरलं नव्हतं.

"अगं बाई! नव्वदातून जगलं की गं हे! चिवट मेलं, तुझ्यासारखंच!"

धाकटी हसली नाही. तिनं ताईला फोन लावला.

"काय गं, सुटलीस?"

"नाही ताई. जमलं."

"मग रडतेस कशाला?"

"दमलेय गं."

"गिरणीवाल्यांना काय सांगू?"

धाकटीनं पट्टीकडे पाहिलं. "येत नाही म्हणून सांग."

फोन ठेवून ती तशीच भिंतीला टेकली. उद्याचं सोयाबीन अजून दळायचं होतं.