मंडळीची पहिली सतरंजी

मी एक सतरंजी. जबलपुरात मला सगळे दरी म्हणतात, पण लीलाबाईच्या तोंडी मी कायम सतरंजीच राहिले. सध्या माझा मुक्काम काचेच्या पेटीत आहे, रांझीतल्या एका मोठ्या चर्चच्या हॉलमध्ये. येणारे-जाणारे थांबतात, फोटो काढतात. माझ्या शेजारी एक पाटी लावली आहे आणि ती पाटी खरं सांगत नाही. तुम्ही थांबलाच आहात, तर माझ्याकडून ऐका.

सिहोऱ्याजवळच्या एका गावात, विणकराच्या मागावर मी जन्मले. निळे आणि विटकरी पट्टे, जाड सूत, घट्ट वीण. सिहोऱ्याच्या बाजारात लक्ष्मणरावांनी मला पसंत केलं, बसच्या टपावर चढवलं आणि जबलपूरला आणलं.

लक्ष्मणराव इथल्या एका कारखान्यात फिटर होते. मूळचे वर्ध्याकडचे, बौद्ध. नवीनच लग्न झालेलं. कारखान्याच्या वसाहतीत तळमजल्यावर दोन खोल्या आणि समोर पेरूचं झाड असलेलं मोठं अंगण. लीलाबाईने मला अंथरलं, माझ्यावरून हात फिरवला आणि नवऱ्याला म्हणाली की आता कोणी आलं तर खाली बसवायची लाज वाटणार नाही. त्या घरात खुर्ची नव्हतीच. जो येई तो माझ्यावर बसे. पौर्णिमेला आसपासचे लोक जमत आणि माझ्यावर बसून बुद्धवंदना म्हणत.

वरच्या मजल्यावर नीलकंठ आणि हेमलता राहायला आले. नीलकंठही त्याच कारखान्यात. हे नागपूरकडचं ख्रिस्ती कुटुंब. हेमलता तेव्हा अगदी पोरगेली, पहिलटकरीण, आणि आई तिकडे दूर आजारी. तिचं बाळंतपण लीलाबाईनेच केलं. शेक, डिंकाचे लाडू, तान्ह्या पोरीची अंघोळ, सगळं. हेमलता दुपारी पोरीला घेऊन खाली येई, तिला माझ्यावर निजवी आणि स्वतःही लवंडे. दोघींच्या गप्पा ऐकत मी कितीतरी दुपारी काढल्या. लीलाबाईला सख्खी बहीण नव्हती. ती जागा हेमलताने घेतली, आणि लीलाबाईने ती मोकळ्या मनाने दिली.

हेमलताला एक दुःख होतं. रविवारी उपासनेला जायचं तर सायकलवरून लांब सदर भागातल्या चर्चला जावं लागे, आणि तिथे सगळं हिंदीत नाहीतर इंग्रजीत. मराठीतून प्रार्थना केल्याशिवाय तिला प्रार्थना केल्यासारखं वाटत नसे. वसाहतीत अजून दोन-चार मराठी ख्रिस्ती घरं होती. एकत्र बसावं असं सगळ्यांना वाटे, पण वरच्या खोल्यांत माणसं मावत नव्हती. हे कळल्यावर लक्ष्मणरावांनी फार विचार केला नाही.

"माझं अंगण आहे ना," ते नीलकंठला म्हणाले. "सतरंजी आहे. बसा तिच्यावर. माह्यी काही हरकत नाही."

त्या रविवारी लीलाबाईने अंगण झाडलं, सडा टाकला आणि मला पेरूखाली अंथरलं. नीलकंठने शास्त्रवाचन केलं, हेमलताने गीत धरलं. तिचा आवाज आधी कापत होता, मग उघडला. लीलाबाई दारात बसून तांदूळ निवडत होती. गीत तिला इतकं आवडलं की पुढच्या आठवड्यात ती भांडी घासताना तेच गुणगुणत होती.

मंडळीचा, म्हणजे या चर्चच्या भक्तसमुदायाचा, जन्म झाला तो असा. काही महिन्यांनी नागपूरहून एक वृद्ध पाळक आले. त्यांनी समजावून सांगितलं की आपण प्रेस्बिटेरियन, आपल्यात बिशप नसतो. लोक आपल्यातूनच वडील निवडतात, आणि ते वडील पाळकाबरोबर बसून मंडळीचा कारभार बघतात. लोकांनी नीलकंठला वडील निवडलं. त्याच दिवशी पहिलं प्रभुभोजन होतं. आणलेल्या भाकरीला प्रवासात बुरशी आली होती. हेमलता रडकुंडीला आली. लीलाबाई उठली, स्वच्छ हात धुतले आणि तव्यावर बिनखमिराची पोळी भाजून दिली. पाळकांनी ती तबकात ठेवली, आशीर्वाद मागितला आणि मोडली. लीलाबाई त्यातली खायला बसली नाही, कोणी तिला बसही म्हटलं नाही. दोन्हीकडच्यांना ते बरोबरच वाटलं. पण उठताना पाळकांनी तिला हात जोडले होते.

वसाहतीत मग कुजबुज सुरू झाली. कोणीतरी कारखान्याच्या वरिष्ठांना कळवलं की अमक्याच्या अंगणात धर्माचा प्रचार चालतो. लक्ष्मणरावांना बोलावणं आलं. क्वार्टर काढून घेण्याची धमकी मिळाली. त्यांनी शांतपणे सांगितलं की माझ्या अंगणात माझे शेजारी देवाचं नाव घेतात, तुमचं काय बिघडतं? क्वार्टर राहिलं, पण त्यांची बढती पुढे कितीतरी वर्षं अडून राहिली. हे त्यांनी नीलकंठला कधीच सांगितलं नाही. लीलाबाईने सांगू का म्हणून विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "काहून? तो उद्यापासून बसणं बंद करन."

मंडळी वाढत गेली. छत्तीसगडचे आले, केरळचे आले, रेल्वेतले आले. अंगण पुरेना तेव्हा रांझीला जागा घेऊन पत्र्याची शेड उभी केली. तिचं फाटक लक्ष्मणरावांनी सुट्टी टाकून स्वतः जोडलं. दर रविवारी नीलकंठ मला सायकलला बांधून तिकडे नेई आणि संध्याकाळी परत आणून देई. पुढे शेडच्या जागी पक्की इमारत आली, बाकं आली, मनोरा आला. मराठी उपासना आधी महिन्यातून एकदा झाली आणि मग बंदच पडली. मंडळीला लोक हिंदीतून कलीसिया म्हणू लागले. माझी गरज संपली. हेमलताने मला धुऊन, उन्हात वाळवून लीलाबाईकडे परत आणलं. मला वाईट वाटलं नाही. मूल मोठं झालं की मांडीवरून उतरतंच.

निवृत्त झाल्यावर लक्ष्मणरावांनी जबलपुरातच चेरीतालला गल्लीत छोटं घर घेतलं. नीलकंठने रांझीतच, चर्चजवळ. भेटी कमी झाल्या, पण नाताळला हेमलताकडून फराळाचं ताट येई आणि आंबेडकर जयंतीला लीलाबाईकडून खीर जाई. आणि नीलकंठ भेटला की हटकून म्हणे, "वहिनी, तो हॉल आमचा नाही, तुमचा आहे. कधीही हाक मारा."

लीलाबाईने आयुष्यात एकदाच हाक मारली.

गेल्या पावसाळ्यात लक्ष्मणराव गेले. त्यांच्या स्मरणार्थ पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम करायचा होता. वर्ध्याहून, नागपूरहून नातेवाईक येणार. चेरीतालच्या विहाराचं छत दुरुस्तीला काढलेलं, घरात दहा माणसं बसायची मारामार. मुलगा प्रितम मंगल कार्यालय बघू म्हणाला. लीलाबाई म्हणाली की बघायचं कशाला, नीलकंठभाऊंचा हॉल आहे ना. प्रितमने फोन लावला. नीलकंठ फार हळहळला, चर्चच्या बैठकीत विचारतो म्हणाला. दोन दिवसांनी त्याचाच फोन आला की नवे पास्टर तयार होत नाहीत, दुसऱ्या धर्माचा विधी चर्चच्या आवारात नको म्हणतात, माझं काही चाललं नाही.

प्रितम चिडला. लीलाबाईने त्यालाच समजावलं. नियम असतील त्यांचे. नीलकंठभाऊ आपल्यासाठी भांडले असतील. तिने हे इतक्या विश्वासाने सांगितलं की मीही विश्वास ठेवला. कार्यक्रम गच्चीवर ताडपत्री बांधून केला. वाऱ्याने ताडपत्री उडत होती, भन्तेजी भिजत वंदना म्हणत होते आणि मी पाण्याने जड झाले होते. नीलकंठ आणि हेमलता आले, मागच्या रांगेत बसले, लीलाबाई नातेवाइकांनाही नियम असतील त्यांचे म्हणून समजावत होती ते ऐकलं आणि जेवायच्या आधी निघून गेले.

दिवाळीनंतर हेमलता एकटीच चेरीतालला आली. चर्चला पन्नास वर्षं होत होती, मोठा समारंभ होता, जुन्या वस्तूंचं प्रदर्शन होतं. ती मला मागायला आली होती.

"लीलाताई, आमची मंडळी हिच्यावर जन्मली," ती म्हणाली. "ही नसली तर प्रदर्शनाला काय अर्थ?"

लीलाबाईचे डोळे भरून आले. लक्ष्मणराव गेल्यापासून त्यांच्या चांगुलपणाची आठवण बाहेरच्या कोणी काढली नव्हती. तिने स्वतःच्या हाताने माझ्या घड्या घातल्या, रिक्षापर्यंत पोचवायला आली. समारंभाला नक्की येईन म्हणाली.

हॉलमध्ये मला पेटीत ठेवलं. पाटी लावताना हेमलताने नीलकंठला विचारलं की यात लक्ष्मणरावांचं नाव काहून नाही. तो म्हणाला की बाहेरचे पाहुणे येऊन राहिले, दिवस कसे आहेत ते तुला माहीत आहे, चर्च कोणाच्या अंगणात, कोणत्या धर्माच्या माणसाने सुरू केलं यावर उद्या दहा प्रश्न निघतील. दोन्हीकडून निघतील. आणि एवढं कोण वाचतं? हेमलता बराच वेळ पाटी हातात धरून उभी होती. मग तिने ती लावली. वाकडी लागली होती, तर सरळ केली.

समारंभाच्या दिवशी लीलाबाई आली. पांढरं लुगडं, हातात काठी, बरोबर सून पायल. पायल इथेच वाढलेली. मराठी सगळं समजतं, बोलते हिंदी. लीलाबाईला आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून पायलने पाटी वाचली.

"मम्मीजी, लिखा है कि पहली आराधना श्री नीलकंठ जी के घर पर, उन्हीं की इस दरी पर हुई।"

लीलाबाईने तिला परत वाचायला सांगितलं. पायलने परत वाचलं, या वेळी हळू आवाजात.

तेवढ्यात नवे पास्टर वेदांग तिथे आले. तरुण, हसतमुख माणूस. ही लक्ष्मणरावांची पत्नी असं कोणीतरी त्यांना सांगितलं होतं. त्यांनी वाकून नमस्कार केला. म्हणाले, "आंटी, अंकल के प्रोग्राम के लिए मैंने तो हॉल साफ करवा दिया था। फिर नीलकंठ अंकल ने बताया कि आप लोगों का दूसरी जगह इंतज़ाम हो गया।"

लीलाबाईने काठीवरची मूठ बदलली. नीलकंठ चार पावलांवर पाहुण्यांबरोबर उभा होता. त्याने ऐकलं होतं, कारण त्याची पाठ एकदम ताठ झाली, पण तो वळला नाही. हेमलता मात्र समोरच होती.

"हेमा," लीलाबाई म्हणाली, "तुला माहीत होतं का गं?"

हेमलताने पाहुण्यांकडे पाहिलं, मग खाली. "लीलाताई, आता नको ना. लोक पाहून राहिले. नंतर बोलू."

त्या उत्तराने लीलाबाईला सगळं कळलं. नीलकंठचं ती एक वेळ सोसू शकली असती. पुरुषांचं बाहेरचं जग असतं, भीती असते. पण ओलं बाळ जिच्या मांडीवरून आपण उचललं, ती गच्चीवर आपल्या मागे बसून, सगळं माहीत असून, आपलं समजूतदारपणाचं बोलणं ऐकत होती, हे तिला सोसलं नाही. ती रडली नाही. तिचा चेहरा फक्त बंद झाला.

पायलने पेटीच्या काचेला हात घातला. "मम्मीजी, ये अपनी है। घर ले चलते हैं।"

"राहू दे," लीलाबाई म्हणाली. "घरी नेली तर माझ्याने तिच्यावर बसवणार नाही."

आणि ती निघाली. मला वाटत होतं ती एकदा तरी वळेल. वळली नाही. इतर सगळ्यांनी दिलेला दगा मी समजून घेतला असता. पण त्या दिवशी मलाही तिने त्यांच्यातच मोजलं, आणि तिची चूक आहे असं मी म्हणू शकत नाही. मी त्यांच्या पाटीशेजारीच तर पसरले होते.

यंदाच्या नाताळला हेमलता ताट घेऊन चेरीतालला गेली होती. परत आली ती घरी न जाता हॉलमध्ये येऊन बसली, माझ्यासमोरच्या बाकावर. नीलकंठ शोधत आला. त्याने विचारलं की काय झालं, काही बोलली का? घरात घेतलं नाही का?

"घेतलं," हेमलता म्हणाली. "खुर्ची दिली. चहा दिला. ताटही ठेवून घेतलं. मला म्हणाली, 'तुम्ही साखर घेता का?' तुम्ही म्हणाली मला. जशी काही पहिल्यांदाच भेटून राहिली."

पाटी नीलकंठच्या शेजारीच होती. हात लांबवला असता तर पोचला असता.

तर अशी मी इथे आहे. वीण अजून घट्ट आहे, रंगही फारसा उतरलेला नाही. रविवारच्या शाळेची मुलं येतात, बाई त्यांना पाटी वाचून दाखवतात आणि मुलं ती खरी मानतात. माझं मागणं मोठं नाही. तुमच्यापैकी कोणी चेरीतालला जाणार असाल, तर लीलाबाईच्या घरी जा. तिला सांगू नका की सतरंजी तुमची आठवण काढते, तिला ते आता खरं वाटणार नाही. नुसते तिच्यापाशी जमिनीवर बसा, आणि त्या अंगणात पहिल्या रविवारी काय झालं होतं ते तिला विचारा. एवढंच करा. ती सांगेल.